नग्न व्यक्तिचित्रांचे ऑनलाइन दालन कसे उभारावे

संग्रहासाठी छायाचित्रे निवडायला मी एकटी कधीच बसत नाही. ज्या व्यक्तीची ती छायाचित्रे आहेत ती समोर असते, मध्ये टेबल असते, टेबलावर पोस्टकार्डाएवढ्या साध्या कागदी प्रती पसरलेल्या असतात आणि आम्ही एकेक प्रत उचलून उजवीकडे किंवा डावीकडे ठेवत जातो. काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत मला अतिशय आवडलेली एक प्रत मॉडेलने बोटाने हळूच बाजूला सारली आणि ती म्हणाली, "ताई, फोटो छान आहे, पण यात मी कुठे आहे?" प्रकाश उत्तम होता, पाठीच्या कण्याची रेषा सुरेख उतरली होती आणि तरीही तिचे म्हणणे खरे होते, कारण ती पाठ कोणाचीही असू शकली असती. देहाचा अभ्यास आणि व्यक्तिचित्र यांत नेमका हाच फरक आहे. नग्न व्यक्तिचित्रे इंटरनेटवर मांडताना संमतिपत्रापासून फाइलच्या नावापर्यंत प्रत्येक टप्प्यावर तो सांभाळावा लागतो. ज्यांच्याकडे काम तयार आहे आणि ते लोकांसमोर नीट ठेवायचे आहे, अशा छायाचित्रकारांसाठी हा मजकूर आहे.

संमती एका सहीत मावत नाही

बहुतेक छायाचित्रकार मॉडेलकडून एका छापील कागदावर सही घेतात. सर्व छायाचित्रे, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी वापरण्याचा हक्क त्या कागदाने मिळतो. कपड्यांच्या जाहिरातीसाठी हे ठीक असेल. नग्न व्यक्तिचित्रांसाठी असा सरसकट कागद मला अपुरा आणि मॉडेलवर अन्याय करणारा वाटतो. फोटो काढू देणे, ते छायाचित्रकाराला जवळ ठेवू देणे, प्रदर्शनात भिंतीवर लावू देणे, इंटरनेटवर ठेवू देणे आणि त्याच्या प्रती विकू देणे या पाच वेगवेगळ्या परवानग्या आहेत. संमतिपत्रात प्रत्येकीसाठी वेगळी ओळ आणि तिच्यासमोर वेगळी सही असावी. प्रदर्शनाला आनंदाने होकार देणारी व्यक्ती इंटरनेटला ठाम नकार देते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे आणि त्यात विसंगती काहीच नाही, कारण प्रदर्शन आठवड्याने उतरते आणि पाहणारे लोक दालनात स्वतःच्या पायांनी चालत येतात.

संमतिपत्र मॉडेलला सहज वाचता येईल अशा भाषेत असावे. माझ्याकडे ते मराठीत आहे, दीड पानाचे आहे आणि सही करण्यापूर्वी मी ते मोठ्याने वाचून दाखवते. त्याची एक प्रत मॉडेलकडे जाते. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जन्मतारीख नोंदवावी. येथे ओळखीचा, शब्दाचा किंवा आईवडिलांच्या परवानगीचा काहीही उपयोग नाही. ओळखपत्राची प्रत ठेवलीच तर ती छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये ठेवू नये, कारण एकाच ठिकाणी दोन्ही असणे म्हणजे चोरी झाल्यास नाव आणि देह एकत्र हाती देणे होय.

इंटरनेटसाठीची सही शूटिंगच्या दिवशी घेऊ नये, हा माझा सर्वांत कडक नियम आहे. चार तास कपड्यांविना कॅमेऱ्यासमोर काढल्यानंतर मनात एक विलक्षण मोकळेपणा येतो, आणि त्या भरात माणूस कशालाही होकार देतो. तो होकार त्या संध्याकाळचा असतो. म्हणून किमान पंधरा दिवस जाऊ द्यावेत, नंतर कागदी प्रती घेऊन बसावे, आणि निवडलेल्या प्रत्येक छायाचित्राच्या क्रमांकासमोर मॉडेलची छोटी सही घ्यावी. प्रती फोनवर पाठवू नयेत. मॉडेलच्या फोनमधील छायाचित्रे अनेकदा आपोआप क्लाउडवर जातात आणि तेथून ती घरातल्या सर्वांच्या टॅबवर किंवा टीव्हीच्या पडद्यावर उमटू शकतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

याच वेळी संपर्काचेही ठरवावे. कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी फोन करायचा आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे, हे विचारून लिहून ठेवावे. प्रौढ स्त्रीच्या छायाचित्रासाठी तिच्या नवऱ्याची किंवा वडिलांची परवानगी लागत नाही, आणि ती मागायला जाणे हा तिचा अपमान आहे. परंतु तिच्या घरात काय माहीत आहे आणि काय नाही, हे जाणून त्याप्रमाणे वागणे ही आपली जबाबदारी आहे.

स्वामित्वहक्काचा मुद्दाही येथेच मिटवावा. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ याच्या कलम १७ नुसार छायाचित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः छायाचित्रकार असतो, पण कोणी मोबदला देऊन स्वतःसाठी छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर तो हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणजे एखाद्या ग्राहकाने स्वखर्चाने स्वतःची नग्न व्यक्तिचित्रे काढून घेतली असतील, तर ती "माझेच काम आहे" म्हणून आपल्या दालनात लावता येत नाहीत. अशी छायाचित्रे हवी असतील तर स्वतंत्र लेखी परवानगी घ्यावी, आणि तिच्या बदल्यात शुल्कात सूट देण्याचा मोह टाळावा, कारण सवलतीसाठी दिलेला होकार पुढे बोचत राहतो.

किती छायाचित्रे, कोणत्या क्रमाने

अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ यांची १९१७ ते १९३७ या वीस वर्षांत तीनशेहून अधिक छायाचित्रे काढली. त्यांत चेहरा आहे, नग्न धड आहे, मान आहे आणि पुष्कळ वेळा नुसते हात आहेत. एका माणसाचे व्यक्तिचित्र एका फोटोत मावत नाही, ते अनेक तुकड्यांतून आणि अनेक वर्षांतून जमत जाते, ही त्यांची धारणा होती. हे काम पाहिल्यापासून मी दालनाची रचना बदलली. पूर्वी मी वीस मॉडेलचे एकेक उत्तम छायाचित्र लावत असे. ते पानभर मांडले की शरीरांचा बाजार भरल्यासारखे दिसे आणि कोणाचीच ओळख होत नसे. आता एका व्यक्तीला एक स्वतंत्र पान असते, त्यावर पाच ते आठ छायाचित्रे असतात आणि त्यांतली निदान दोन नग्न नसतात: कपाळावर आठी घालून चहा पिणारी, केस बांधणारी, पायात चप्पल घालून निघालेली तीच व्यक्ती. नग्न छायाचित्र त्यांच्या शेजारी आले की पाहणाऱ्याची नजर बदलते, हे मी प्रेक्षकांच्या शेजारी उभे राहून अनुभवले आहे.

भारतात या प्रकारात ज्यांचे काम अभ्यासावे असे एक नाव म्हणजे प्रबुद्ध दासगुप्ता. शहरी भारतीय स्त्रियांच्या छायाचित्रांचे त्यांचे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा असे काम आपल्याकडे जवळजवळ नव्हतेच. त्यांची पाने पाहताना किती ठेवले यापेक्षा किती गाळले असेल, याचा विचार करावा. एकाच बैठकीतील दोन जवळजवळ सारख्या मुद्रा शेजारीशेजारी ठेवल्या की दोन्ही दुबळ्या होतात. संपूर्ण दालनात सुरुवातीला चार ते पाच व्यक्ती पुरेशा आहेत. त्या सर्व पंचविशीतल्या, सडपातळ स्त्रियाच असतील, तर दालन उघडण्याआधी आणखी एक वर्ष काम करावे, असे मी स्पष्टपणे सांगेन. पुरुष, साठीतल्या बायका, बाळंतपणानंतरचे पोट, शस्त्रक्रियेची शिवण, पोलिओने बारीक राहिलेला पाय ही देखील माणसांची शरीरे आहेत आणि त्यांच्याशिवाय हा संग्रह व्यक्तिचित्रांचा म्हणवत नाही.

शीर्षकांबद्दल माझे मत ठाम आहे. 'मोहिनी', 'अप्सरा', 'अभिसारिका', 'ओलेती' असली नावे देऊ नयेत. ती समोरच्या माणसाला पुसून त्या जागी एक जुना साचा ठेवतात. मॉडेलची इच्छा असेल तर तिचे किंवा त्याचे खरे नाव द्यावे, नसेल तर दोघांनी मिळून ठरवलेले टोपणनाव आणि वर्ष, किंवा नुसता क्रमांक आणि वर्ष पुरते.

संस्करण करताना हात कुठे थांबवावा

कपड्यांचे इलॅस्टिक, घड्याळ आणि पायमोजे यांचे त्वचेवर उमटलेले वळ ही छायाचित्राची अडचण असते, व्यक्तीची नव्हे. ते पुसायला हरकत नाही, परंतु शूटिंगआधी अर्धा-पाऊण तास मॉडेलला सैल गाऊन किंवा लुंगी दिली तर पुसण्याची वेळच येत नाही. त्यापलीकडे मात्र विचारल्याशिवाय काहीही पुसू नये. एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंच्या छायाचित्रात मी सवयीने दंडावरचा देवी टोचल्याचा वण काढून टाकला होता. प्रत हातात घेऊन त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, अंगठा स्वतःच्या दंडावर नेला आणि विचारले, "माझा वण कुठे गेला गं?" तो गोल, किंचित खोलगट, कडेला किरणांसारख्या बारीक रेषा असलेला वण मी मूळ फाइलमधून परत आणला, आणि आज त्या पानावर नजर प्रथम तेथेच जाते.

कृष्णधवल रूपांतरात एक सूक्ष्म चूक सर्रास होते. संगणकावर रंगीत छायाचित्र कृष्णधवल करताना लाल आणि नारिंगी रंगांची पट्टी उजळ बाजूला सरकवली की त्वचेवरचे डाग मऊ होतात, त्यामुळे ते करण्याचा मोह होतो. पण त्याच हालचालीने सावळी त्वचा गोरी होऊन बसते. मी मॉडेलच्या त्वचेशेजारी करड्या रंगाचे मोजमापाचे कार्ड धरून एक छायाचित्र प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला घेते आणि रूपांतर करताना ते बाजूला उघडून ठेवते. सावळ्या त्वचेचे सौंदर्य तिच्यावर पडलेल्या झळाळीत असते, त्यामुळे समोरून सपाट प्रकाश टाकण्यापेक्षा बाजूच्या खिडकीचा प्रकाश वापरावा आणि सावल्या जबरदस्तीने उचलू नयेत.

अंतिम तपासणी महागड्या मॉनिटरवर करून थांबू नये. आपले बहुतेक प्रेक्षक हे काम फोनवर पाहणार आहेत. एखादा साधा, जुना फोन घ्यावा, प्रकाश निम्म्यावर आणावा आणि छायाचित्रे पाहावीत; गडद भागातील तपशील काळ्यात बुडत असतील तर तेवढ्यापुरती दुरुस्ती करावी. रंगांसाठी फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत काढावी, नाहीतर काही पडद्यांवर त्वचा आजारी माणसासारखी फिकट दिसते.

ओळख कुठून कुठून फुटते

हा भाग मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. चेहरा दाखवायचा नाही या अटीवर एका तरुणीने माझ्यासाठी काम केले होते. तिच्या घरातल्या खाटेवर, पाठमोरी, खिडकीकडे तोंड करून ती बसली होती. चेहरा नव्हता, गोंदण नव्हते, दागिना नव्हता. खाली मात्र एक गोधडी होती. तिच्या आजीने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, कोपऱ्यात हिरव्या खणाचा त्रिकोण लावलेली. छायाचित्र ऑनलाइन गेल्यानंतर तिच्या एका मामेबहिणीने ती गोधडी ओळखली. बहीण समजूतदार निघाली म्हणून गोष्ट दोघींत राहिली, पण तो आठवडा त्या मुलीने कसा काढला हे मी पाहिले आहे आणि त्याची जबाबदारी संपूर्णपणे माझी होती.

तेव्हापासून निनावी छायाचित्राची तपासणी मी दोनदा करते. पहिल्या वेळी फक्त शरीर पाहते: गोंदण, जन्मखूण, शस्त्रक्रियेचा वण, नखांचा आकार, मंगळसूत्राचा किंवा जोडव्यांचा माग. दुसऱ्या वेळी शरीर सोडून बाकीचे सर्व पाहते: चादर, फरशी, भिंतीचा रंग, कॅलेंडर, खिडकीबाहेरची इमारत, कपाटाच्या आरशात आणि स्टीलच्या भांड्यांत उमटलेली प्रतिबिंबे. शेवटी ती प्रत मॉडेलला दाखवून एकच प्रश्न विचारते: तुमच्या जवळच्या माणसाला यातले काय ओळखता येईल? या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रकाराला कधीच स्वतःहून देता येत नाही. अर्धा चेहरा झाकला की ओळख लपते, हा समजही आता सोडून द्यावा. चेहऱ्यावरून माणूस शोधणाऱ्या संगणकीय सेवांना एक डोळा आणि जबड्याची रेषा अनेकदा पुरते.

जे डोळ्यांना दिसत नाही तेही फाइलमध्ये असते. कॅमेरा आणि फोन छायाचित्रात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि कधी कधी जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवतात. आपण स्वतः शोधण्याच्या सोयीसाठी संगणकावर जे शब्द जोडतो, त्यांत मॉडेलचे नाव असते. काही वेळा कापलेल्या छायाचित्राच्या आत मूळ, न कापलेल्या चौकटीची छोटी प्रतिमाही दडून राहते. म्हणून दालनासाठी प्रत्येक फाइल नव्याने काढावी, तिच्यातून स्वामित्वाची ओळ सोडून सर्व नोंदी पुसाव्यात, आणि फाइलचे नाव क्रमांकाचे ठेवावे. मॉडेलच्या नावाने ठेवलेली फाइल शोधयंत्राला सहज सापडते.

आकारही मर्यादित ठेवावा. लांब बाजू १६०० पिक्सेल असलेली फाइल पडद्यावर पुरेशी स्पष्ट दिसते, परंतु ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापली तर साडेपाच इंचांपेक्षाही लहान प्रत मिळते. कोणी ती चोरून मोठी प्रत विकू म्हणेल तर त्याला ते जमत नाही. छायाचित्राच्या मधोमध वॉटरमार्क टाकणे मात्र मला पटत नाही. चोराला तो थोपवत नाही आणि प्रामाणिक प्रेक्षकाला माणसाच्या अंगावर शिक्का मारलेला दिसतो.

दालनाची जागा आणि दार

समाजमाध्यमांवर हा संग्रह उभारू नये. इन्स्टाग्रामवर नग्न चित्रे आणि शिल्पे चालतात, नग्न छायाचित्रे चालत नाहीत. टम्बलरने डिसेंबर २०१८ मध्ये प्रौढांसाठीच्या मजकुरावर बंदी घातली तेव्हा अनेक छायाचित्रकारांचे काम एका फटक्यात दिसेनासे झाले. २०२२ च्या अखेरीस नग्नतेला पुन्हा परवानगी मिळाली, पण तोवर माणसे पांगली होती. फ्लिकरने २०२२ पासून असे काम ठेवण्याची मुभा फक्त पैसे भरणाऱ्या सभासदांना दिली. दुसऱ्याच्या जागेत नियम त्याचे असतात, म्हणून स्वतःच्या डोमेनवर स्वतःची वेबसाइट असावी. सर्व्हरची जागा भाड्याने घेण्याआधी त्या कंपनीचे वापराचे नियम संपूर्ण वाचावेत आणि कलात्मक नग्नतेला परवानगी आहे का, हे ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. डोमेनच्या नोंदणीत घरचा पत्ता उघड राहणार नाही, याचीही खात्री करावी.

प्रवेशाच्या पानावर एकही नग्न छायाचित्र नसावे. आत काय आहे हे दोन वाक्यांत सरळ सांगावे, पाहणाऱ्याचे वय १८ पूर्ण आहे का हे विचारावे, आणि होकाराचे बटण दाबेपर्यंत आतील छायाचित्रे उतरणारच नाहीत अशी व्यवस्था करावी. लाल अक्षरे, उद्गारचिन्हे आणि सूचक शब्द येथे आले की आत येणारा माणूस वेगळ्याच अपेक्षेने येतो.

दोन ठिकाणी वेबसाइट आपल्या नकळत घात करते. वेबसाइटचे तयार साचे यादीतल्या छोट्या प्रतिमा आपोआप चौकोनी कापतात. उभ्या छायाचित्राचा मधला भाग उरतो, डोके जाते आणि जे व्यक्तिचित्र होते ते क्षणात अवयवांचे चित्र होते. ही कापणी स्वतःच्या हाताने, एकेक करून करावी, आणि शक्य तेथे चेहरा किंवा हात निवडावा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पानाचा दुवा कोणी व्हॉट्सॲपवर टाकला की त्यासोबत पानावरचे एखादे छायाचित्र आपोआप दिसते. असा दुवा एखाद्या कौटुंबिक गटात गेला तर वयाचा प्रश्न विचारणारे आपले पान कोणी पाहण्याआधीच छायाचित्र सर्वांसमोर उघडे पडते. म्हणून प्रत्येक पानासाठी दुव्यासोबत दिसणारी प्रतिमा आपण ठरवून द्यावी. माझ्याकडे ती करड्या पार्श्वभूमीवर दालनाचे नुसते नाव अशी आहे. प्रसिद्धीपूर्वी स्वतःच्याच दुसऱ्या क्रमांकावर दुवा पाठवून खात्री करावी.

निनावी व्यक्तींची पाने शोधयंत्रांनी नोंदवू नयेत अशी सूचना वेबसाइटमध्ये देता येते. प्रामाणिक शोधयंत्रे ती पाळतात. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकांसाठी प्रत्येक छायाचित्राला शब्दांत वर्णन जोडावे. तेही साधे असावे: "खिडकीशेजारी पाठमोरी बसलेली स्त्री, उजवा हात मानेवर, पायाशी मांजर." हे वर्णन लिहिताना विशेषणे सुचू लागली तर छायाचित्र पुन्हा एकदा तपासावे.

कायद्याबद्दल जेवढे माहीत असायलाच हवे

भारतात नग्नता आणि अश्लीलता कायद्याच्या नजरेत एक नाहीत. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू बार्बरा फेल्टस यांचे, तिच्या वडिलांनी काढलेले नग्न छायाचित्र १९९३ मध्ये कोलकात्याच्या नियतकालिकांनी पुन्हा छापले, त्यावर खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०१४ च्या निकालात न्यायालयाने १८६८ पासून चालत आलेली इंग्रजी हिक्लिन कसोटी (मजकुराने कच्च्या मनाची माणसे बिघडतील का, एवढेच पाहणारी) बाजूला ठेवली आणि समकालीन समाजाच्या दृष्टीने, संपूर्ण संदर्भासह छायाचित्राकडे पाहावे असे सांगितले. त्या छायाचित्राचा विषय वर्णद्वेषाला विरोध हा होता आणि सोबतचा मजकूर तेच सांगत होता. आपल्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा, की छायाचित्रासोबतचा मजकूर शोभेचा नसतो. प्रत्येक पानावर ही व्यक्ती आणि हे काम यांबद्दल काही गंभीर ओळी असाव्यात.

मुंबईपुरते बोलायचे तर चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातल्या चित्रांसाठी अश्लीलतेचा खटला भरला गेला होता आणि ते त्यातून सुटले. त्याच पदमसींची आणि चित्रकार एफ. एन. सूझा यांची नग्न कलाकृती सीमाशुल्क विभागाने अडवली, तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीचा आदेश रद्द केला आणि प्रत्येक नग्न चित्र अश्लील ठरत नाही हे पुन्हा स्पष्ट केले.

तरीही निर्दोष ठरणे म्हणजे त्रास न होणे नव्हे. मधु सप्रे आणि मिलिंद सोमण यांच्या १९९५ च्या, अजगरासह काढलेल्या बुटांच्या जाहिरातीचे छायाचित्र दासगुप्ता यांचेच होते. त्या खटल्यातून सर्व जण सुटले, पण त्याला सुमारे चौदा वर्षे लागली. अश्लील साहित्याची विक्री, प्रदर्शन किंवा प्रसार यांसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ लागू आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ६७ खाली अश्लील मजकूर इंटरनेटवर प्रसिद्ध केल्याबद्दल पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे, तर लैंगिक कृती उघडपणे दाखवणाऱ्या मजकुराला कलम ६७अ लागते आणि शिक्षा पाच वर्षे व दहा लाखांपर्यंत जाते. कला, साहित्य आणि ज्ञान यांच्या हिताच्या प्रकाशनांना कायद्यात अपवाद आहे, पण तो सिद्ध आपल्याला करावा लागतो. संमतीवाचून एखाद्याच्या गुप्त अंगांचे छायाचित्र काढणे किंवा प्रसिद्ध करणे हा कलम ६६ई खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि येथे कलेचा बचाव पुढे करणे कोणत्याही छायाचित्रकाराला शोभणारे नाही. दालन उघडण्यापूर्वी एखाद्या वकिलाला तासभराचे शुल्क देऊन संमतिपत्र आणि पाने दाखवून घ्यावीत.

छायाचित्र काढून टाकण्याची वेळ

लग्न ठरते, नोकरी बदलते, मूल मोठे होते किंवा काहीच घडत नाही, फक्त मन बदलते. माझ्या संमतिपत्रात लिहिलेले आहे की मॉडेलने सांगितल्यापासून ४८ तासांत छायाचित्र उतरवले जाईल, कारण विचारले जाणार नाही आणि दिलेले मानधन परत मागितले जाणार नाही. काही सहकाऱ्यांना हे अव्यवहार्य वाटते. आजवर तीन जणींनी आणि एका पुरुषाने तसे सांगितले, आणि चौघांपैकी दोघांनी पुढे पुन्हा माझ्यासाठी काम केले.

उतरवण्याचे काम पानावरून छायाचित्र लपवण्यापुरते नसते. सर्व्हरवरील मूळ फाइल, तिच्यापासून आपोआप तयार झालेले लहान आकार आणि जुन्या बॅकअपमधील प्रती काढाव्या लागतात. शोधयंत्राकडे जुने निकाल काढण्याची विनंती करावी लागते. आपण ते छायाचित्र ज्यांना स्पर्धेसाठी किंवा लेखासाठी दिले असेल त्यांना लेखी कळवावे लागते. एवढ्यात कोणी ते चोरून इतरत्र टाकल्याचे आढळले, तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे मॉडेलच्या वतीने तक्रार करावी, आणि धमकी किंवा खंडणीचा प्रकार असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर मॉडेलसोबत बसून फोन करावा. 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सेवाही आहे: तीत छायाचित्र पाठवावे लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक अंकीय ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमे त्या ठशावरून प्रती अडवतात.

हे सर्व उरकल्यावर त्या व्यक्तीच्या पानाकडे परत यावे. मधले एक छायाचित्र गेले की शेजारची दोन एकमेकांशी जुळतीलच असे नाही, म्हणून उरलेल्या कागदी प्रती पुन्हा टेबलावर मांडाव्यात आणि क्रम नव्याने लावावा. गेलेल्या छायाचित्राची रिकामी चौकट किंवा "मॉडेलच्या विनंतीवरून काढले" अशी ओळ तेथे ठेवू नये.